चादरीतला मोर आणि अकरावी सायन्स

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र आणि सोबतची वहीची चार पानं मिळाली. दहावीला ९१ टक्के पडले म्हणून लेकीला सायन्सला घातलं आणि आता अर्धं वर्ष गेल्यावर ती म्हणते, मला लहान मुलांसाठी जादूच्या गोष्टी लिहायच्या आहेत. यजमान यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, घरात तेलुगू, शाळा मराठी. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: यात पोट भरतं का, सायन्स सोडू द्यावं का, आणि पुस्तक छापून देतो म्हणणाऱ्याला चाळीस हजार द्यावेत का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. एक रुपयाही देऊ नका. जो प्रकाशक स्वतःचे पैसे लावतो, तो ते वसूल करायला पुस्तक दुकानांपर्यंत नेतो. ज्याचा नफा तुमच्याकडूनच निघाला, त्याचं काम गठ्ठे तुमच्या दारात उतरवले की संपतं. असे गठ्ठे मी आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात दोन घरांत पलंगाखाली पाहिलेत. पुढे खरा प्रकाशक भेटला, तरी ती अठराची होईपर्यंत करारावर सही तुमची लागेल, म्हणून प्रत्येक ओळ वाचा. लेखनाचे हक्क देणारा करार लेखीच असावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. ‘सर्व हक्क कायमचे’ असं दिसलं तर सही करू नका.

आता पोटाचं. धरा, १५० रुपयांचं पुस्तक आणि दहा टक्के रॉयल्टी. हजार प्रती खपल्या तर हातात १५,००० येतात, आणि हजार प्रती खपायला कधी कधी काही वर्षं जातात. हॅरी पॉटरच्या लेखिकेची श्रीमंती लेकीच्या डोळ्यांसमोर असेल, तर हेही सांगा की ते पहिलं पुस्तक अनेक प्रकाशकांनी परत केलं होतं आणि १९९७ साली पक्क्या बांधणीच्या त्याच्या फक्त ५०० प्रती निघाल्या. आपल्याकडचं पाहा. रत्नाकर मतकरींनी चेटकिणी आणि राक्षस रंगमंचावर आणले, मुलांच्या नाटकांसाठी संस्था काढली, ती बँकेतली नोकरी सांभाळून. विंदा करंदीकर कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. म्हणून तिला लेखिका होऊ द्यायचं की नाही, हा वाद घरात घालू नका. संध्याकाळचे दोन तास मोकळे राहतील अशी नोकरी कोणती, ते तिच्यासोबत बसून शोधा. मला प्राथमिक शिक्षिकेची नोकरी सगळ्यात जवळची वाटते, कारण तिचे वाचक रोज समोर बसलेले असतील. भाषांतर हा दुसरा रस्ता. तेलुगू आणि मराठी दोन्ही घरासारख्या येणारी मुलगी सोलापुरात सहज सापडते, पुण्या-मुंबईत तितकी नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मुलांच्या गोष्टी फुकट वाचता येतात आणि त्यांचं भाषांतरही करता येतं. आजपासून तिथे सराव सुरू करू दे.

सायन्सचं विचाराल तर तिला त्याचा तिटकारा नाही, फक्त ओढ नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मग बारावी पुरी करू दे. सायन्सनंतर बीए करता येतं, आर्ट्सनंतर बीएस्सी सहसा नाही. पण इंजिनिअरिंगच्या क्लासची दोन वर्षांची फी आत्ताच भरू नका.

एवढं सगळं लिहिलं, पण मला खरं बोलायचंय ते त्या चार पानांबद्दल. आजीच्या जुन्या चादरीवरचा मोर रात्री उठून सिद्धेश्वर तलावावर पाणी प्यायला जातो, ही कल्पना मला फार आवडली. शेजारच्या चौथीतल्या मुलाला मी ती वाचून दाखवली. तिसऱ्या पानावर त्याने मला थांबवलं आणि विचारलं, ‘मोर गेल्यावर चादरीला भोक पडतं का?’ गोष्टीत त्याचं उत्तर नाही. तिने ते ठरवायलाच हवं. भोक पडतं, की नुसते सुटे धागे उरतात? उजाडायच्या आत तो परतला नाही तर आजीला थंडी वाजेल का? जादूला नियम असला आणि तिची काही किंमत मोजावी लागली, की मूल श्वास रोखून ऐकतं. हे नियम शोधायला तिला लांब जायला नको. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत त्यांच्या योगदंडाशी, म्हणजे हातातल्या काठीशी, लागणारं लग्न आपलं गाव दरवर्षी पाहतं, आणि अक्षता टाकताना कुणालाच त्यात नवल वाटत नाही. तिची आजी तेलुगूत ज्या गोष्टी सांगते, त्या मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायला सांगा. आजी आहेत तोवरच हे होईल.

चौथ्या पानावर मात्र एक परी येते आणि सगळं मिटवून टाकते. ती तिथे नको. मोराला त्याचं त्याला परत येऊ दे.

गोष्ट पुरी झाली की ती ‘किशोर’कडे पाठवा. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून मुलांसाठी निघतंय. पहिली परत आली तर दुसरी पाठवायची.

पानं पेन्सिलीच्या खुणांसह याच पाकिटातून परत पाठवतोय. खुणा आधी तिला पाहू द्या, मग तुम्ही.