कोरोनाकाळात बाळंत झालेल्या बायकांचा अनुभव इतका वेगळा का होता?

आजाराच्या भीतीपेक्षाही एकटेपणामुळे, असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली, पुढे जिल्हा ओलांडायला ई-पास लागू लागला आणि अनेकींना माहेरी जाताच आलं नाही. शेक-शेगडी, तेल लावणारी बाई, डिंकाचे लाडू, बारशाची गर्दी, सगळंच राहून गेलं. हे नुसते लाड नव्हेत. ओल्या बाळंतिणीला झोप आणि धीर यातूनच मिळतो.

चाचणी पॉझिटिव्ह आली तर आणखी कठीण. मुंबईत नायर रुग्णालयात अशा बायकांची बाळंतपणं होत, पण सगळीकडे अशी सोय कुठून असणार? कळा सोसताना जवळ फक्त पीपीई किटमधली, चेहरा न दिसणारी माणसं. काही ठिकाणी बाळही लगेच वेगळं ठेवलं गेलं. खरं तर मास्क लावून, हात धुऊन अंगावर पाजावं, बाळाला आईजवळच ठेवावं आणि प्रसूतीवेळी सोबतीला तिच्या पसंतीचं माणूस असू द्यावं, असाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता.

गर्भवतींच्या लसीकरणाला केंद्राने मंजुरी दिली ती थेट २ जुलै २०२१ला, दुसरी लाट ओसरल्यावर.