रानात एकटे राहण्याची इच्छा आणि घरच्यांची भीती

घरातला कर्ता माणूस पन्नाशी ओलांडल्यावर अचानक सांगू लागतो की, आता हे शहर पुरे झाले, मी एकटाच रानात जाऊन राहणार आहे. आणि घरच्यांना कळेनासे होते की हा राग आहे, वैराग्य आहे की आजार. मुंबईच्या उपनगरांतून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या कुटुंबांकडून ही काळजी मी अनेकदा ऐकते. त्यांतल्या एका कुटुंबाची हकिगत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे सांगत आहे.

डोंबिवलीच्या एक बाई प्रथम एकट्याच आल्या. त्यांच्या पतींनी तीस वर्षे लोकलच्या गर्दीतून नोकरी केली होती, आणि आता मुदतीआधी निवृत्ती घेऊन संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या वडिलोपार्जित घरात राहायचे त्यांनी ठरवले होते. वाडीतली बाकीची घरे केव्हाच बंद झाली होती आणि रान अंगणाच्या गडग्यापर्यंत आले होते. बाईंचा प्रश्न थेट होता : "मॅडम, ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय का?"

केवळ चारचौघांपेक्षा वेगळे जगावेसे वाटणे हा आजार नव्हे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही हे स्पष्ट आहे की, समाजात रूढ असलेल्या नैतिक, सांस्कृतिक किंवा कामाविषयीच्या मूल्यांशी एखाद्याचे जमत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. मात्र एवढे सांगून बाईंना परत पाठवणे मला योग्य वाटले नाही, कारण अशी इच्छा निरोगी मनातून येते तशीच खोल उदासीतूनही येऊ शकते, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

पुढच्या वेळी ते गृहस्थ आले. मी त्यांना तिथल्या एका दिवसाचे वर्णन करायला सांगितले. "शांतता असेल. कुणी हाक मारणार नाही," असे म्हणून ते थांबले. दुपारी चार वाजता तुम्ही काय करत असाल, पाणी कुठून आणाल, जुलैत रात्री वीज गेली तर काय कराल, यांतल्या एकाही प्रश्नावर त्यांना उत्तर सुचले नाही. रान होते, घर होते, पण त्या चित्रात ते स्वतः कुठेही नव्हते. अशा प्रसंगी मी सर्वाधिक लक्ष याच गोष्टीकडे देते, कारण ज्याला खरोखर जायचे असते तो विहिरीविषयी, सरपणाविषयी न विचारता बोलू लागतो. चौकशी पुढे नेली तेव्हा कळले की त्यांना पहाटे तीनलाच जाग येत होती, जेवणावरची वासना गेली होती आणि आवडता तबला त्यांनी भाच्याला देऊन टाकला होता. प्रिय वस्तू अशा देऊन टाकणे ही गंभीर खूण असू शकते, म्हणून जगणे संपवण्याचे विचार मनात येतात का, हे मी स्पष्ट शब्दांत विचारले. "झोपलो आणि उठलोच नाही तर बरं, एवढंच वाटतं," असे ते म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. नैराश्याचे निदान होऊन औषधे सुरू झाली, आणि निवृत्तीचा अर्ज काही महिने पुढे ढकलायला ते तयार झाले.

बाईंची अपेक्षा अशी होती की औषधांनी हे रानाचे खूळ जाईल. काही आठवड्यांत झोप सुधारली, भूक परतली, बोलणे वाढले. रान मात्र गेले नाही. उलट आता त्यात तपशील येऊ लागला : पावसाआधीची शाकारणी, वानरांनी फोडलेली कौले, पऱ्याच्या, म्हणजे लहान ओढ्याच्या, पाण्यावर चार वाफे. इच्छा त्यांची स्वतःची होती, आजाराने तिच्यातले जगणे तेवढे काढून घेतले होते, असे माझे मत झाले, आणि मी ते बाईंना सांगितले. त्या रडल्या. "म्हणजे कर्जाचे हप्ते, सासूबाई नि सोसायटीच्या मीटिंगा माझ्या, आणि रान यांचं," हे त्यांचे म्हणणे मला संपूर्ण रास्त वाटले, आणि पुढच्या भेटींचा बहुतेक वेळ आम्ही त्यालाच दिला. फ्लॅट विकायचा नाही, कर्ज फिटेपर्यंत नोकरी सोडायची नाही, आईची शुश्रूषा वाटून घ्यायची, हे पतींनी बाईंसमोर कबूल केले.

मग मी अट घातली की पहिला मुक्काम पावसाळ्यात करायचा. हिवाळ्यातले कोकण कुणालाही मोहवते. ज्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथला एकांत श्रावणाआधीच्या ओल्या रात्रींत कळतो. तेथे फुरसे आणि मण्यार आहेत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते तेव्हा कित्येकदा वेदनाही होत नाही, म्हणून खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हवीच. प्रतिविष कोणत्या रुग्णालयात मिळते, 108 ची गाडी कुठवर येते, रोज संध्याकाळी फोन कुणाला करायचा आणि तो आला नाही तर खालच्या वाडीतून कोण वर जाऊन पाहील, हे त्यांनी स्वतः चौकशी करून लिहून आणले. भाऊबंदांच्या सामायिक सातबाऱ्यावर घर असल्याने त्यांची संमतीही घेतली. ज्यांच्याकडे अशी जागा नाही त्यांनी हे ध्यानात ठेवावे की राखीव वनात झोपडी बांधून राहणे गुन्हा आहे, आणि महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही.

तुमच्या घरात कुणी असे म्हणत असेल, तर वाद घालण्याआधी त्याला तिथला दिवस सांगायला लावा. त्यात कामे असतील, माणसे असतील, तर हिशेबाला बसा. काहीच नसेल, आणि झोप, भूक, आवड हरवली असेल, तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते.

ते गृहस्थ आता कर्जमुक्त झाले आहेत आणि वर्षातला बराच काळ तिकडे असतात; औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी झाली. बाई गणपतीला आणि मे महिन्यात जातात. सत्तरीनंतर तेथे एकट्याने राहायचे की नाही, यावर दोघांचे अद्याप एकमत झालेले नाही, आणि त्यासाठी ते अजून माझ्याकडे येतात.