एकही बॉल न टाकलेला पिचर

प्रिय मुला,

परवा ग्राउंडवरून निघताना तू किटबॅग डाव्या हातानं उचललीस आणि बाटली मांडीत धरून उघडलीस. विचारलं तर "काही नाही सर." स्प्रेचा वास मात्र गेटपर्यंत येत होता. सिलेक्शन ट्रायल आठवड्यावर आलीय म्हणून तू गप्प आहेस, एवढं मला कळतं.

अमेरिकेतल्या बेसबॉलमधला एक पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, लॅरी याउंट. त्याचं नाव तू ऐकलं नसशील. १५ सप्टेंबर १९७१, ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियम, समोर अटलांटाचा संघ. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला ह्यूस्टनच्या संघानं, अ‍ॅस्ट्रोजनं या २१ वर्षांच्या पोराला बोलावलं. बुलपेनमध्येच, म्हणजे पिचर आधी हात गरम करतात त्या जागीच, त्याचं कोपर दुखायला लागलं होतं. त्याला वाटलं, माउंडवर (बॉल टाकायच्या उंचवट्यावर) गेलो की थांबेल. (तुलाही तेच वाटतंय ना?) नाव पुकारलं, तो माउंडवर गेला, वॉर्म-अपचे मोजके थ्रो टाकले. दुखणं वाढलंच. त्यानं तसं सांगितलं आणि बाहेर पडला. पण नियम असा की नाव पुकारलं की सामना खात्यावर लागतो. म्हणून रेकॉर्डमध्ये त्याच्या नावापुढे सामना १ आणि नंतर सगळी शून्यं, कारण वॉर्म-अपचे थ्रो मोजले जात नाहीत. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगमध्ये, तो पुन्हा कधी उतरला नाही.

मग थांबून त्याला काय मिळालं, असं तू विचारणार. खोटं कशाला सांगू? १९७४ मध्ये मिलवॉकी संघाच्या सराव कॅम्पमध्ये तो आणि धाकटा भाऊ रॉबिन, दोघंही होते. १८ वर्षांचा रॉबिन संघात आला, थोरला मागे राहिला. रॉबिन २० सीझन खेळला, ३,१४२ हिट मारून १९९९ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत) गेला. लॅरीनं पुढे अ‍ॅरिझोनात जमीन-बांधकामाच्या धंद्यात जम बसवला.

तरी माउंडवरून उतरला ते त्याचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. चुकलंच असेल तर ते बुलपेनमध्ये. तिथंच तोंड उघडलं असतं तर त्या रात्री दुसरा कुणी आला असता, आणि त्याची पाटी कोरी राहिली असती. पुढे संधी मिळाली असती का, कोण जाणे. तू मात्र अजून बुलपेनमध्येच आहेस.

उद्या सकाळी सातला ये. आधी डॉक्टरांकडे जाऊ. घरी मी काही बोललेलो नाही. आईला तूच सांग, आज रात्रीच. ट्रायलचं काय करायचं ते रिपोर्ट बघून ठरवू.

आणि हो, बॅग आणू नकोस.

तुझे,
सर