हेपटायटिस सीच्या गोळ्या सुरू करताय ना?

सोफोसबुविर-वेलपाटासविरला घाबरू नका. ताप, केस गळणं, मन खचणं हे किस्से जुन्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचे. आता बहुतेकांचं १२ आठवड्यांत आटोपतं. डोकं दुखतं, थकवा येतो, कधी मळमळतं. मला सकाळची विरार लोकल नकोशी व्हायची, उशिरा निघायचो. साहेब कुरकुरले, कुरकुरू देत.

खरी भानगड ॲसिडिटीच्या गोळीची. वडापाव बाधला की आपण लगेच पँटोप्राझोल गिळतो. पण त्याने वेलपाटासविर अंगात नीट शोषलंच जात नाही. डॉक्टरांना विचारूनच घ्या. हृदयासाठी अमिओडारोन चालू असेल तर आधीच सांगा, ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात. हेपटायटिस बीची तपासणी झाली का? दबलेला बीचा विषाणू उपचारात उसळू शकतो. सोबत रिबाविरिन हे दुसरं औषध असेल तर हिमोग्लोबिन तपासत राहा.