छिन्नमनस्कता म्हणजेच दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व का?

प्रश्न असा आहे: एका मालिकेतले डॉक्टर घरच्यांना सांगतात, ‘तुमच्या सुनेला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व. रात्री ती दुसरीच बाई होते.’ मग छिन्नमनस्कता (म्हणजे मराठीतला स्किझोफ्रेनिया) आणि दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व ही एकाच आजाराची दोन नावं का?

नाहीत. हे आजार वेगळे आहेत, आणि मालिकेने ते एकाच पदराला बांधलेत.

घोळाचं मूळ नावातच आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द घडवला तो ‘चिरणे’ आणि ‘मन’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून. त्यांना म्हणायचं होतं ते विचार, भावना आणि वागणं यांचा आपसातला सांधा सुटतो, असं. एका देहात दोन माणसं नांदतात, असं नव्हे. ‘छिन्नमनस्कता’ हा मराठी शब्द त्याबरहुकूम पाडलेला आहे. दोन किंवा अधिक व्यक्तिमत्त्वं आलटून पालटून वावरतात तो आजार निराळा. त्याचं इंग्रजी नाव पूर्वी मल्टिपल पर्सनॅलिटी डिसऑर्डर होतं, मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात 1994 पासून डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. ‘दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व’ वापरायचंच तर इथे वापरा.

पण मालिकावाल्यांना ही गल्लत इतकी सोयीची का वाटते? मला वाटतं, त्यांना आयती चौकट मिळते. मोकळे केस, घुमणं, बदललेला आवाज, तांबारलेले डोळे: हे सगळं मराठी प्रेक्षक ‘अंगात येणं’ आणि ‘झपाटणं’ म्हणून केव्हाचा ओळखतो. मालिकेत तेच दाखवतात, फक्त देवऋषीच्या जागी पांढरा कोट येतो. खरी छिन्नमनस्कता पडद्यावर तशी ‘दिसत’ नाही. माणूस न बोलणाऱ्यांचे आवाज ऐकतो, शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत असं त्याला ठाम वाटतं, अंघोळ टळते, नोकरी सुटते, चेहऱ्यावरचे भाव आटतात. भाव आटलेल्या चेहऱ्यावर पार्श्वसंगीत तरी काय वाजवणार?

‘चिरलेलं मन’ हे नाव इतरांनाही खुपलंच. जपानने 2002 मध्ये ‘मन दुभंगण्याचा आजार’ अशा अर्थाचं जुनं नाव टाकून दिलं. दक्षिण कोरियाने पुढे ‘जोह्यॉनब्यॉंग’ हे नाव घेतलं. त्यातल्या ‘जोह्यॉन’चा अर्थ तंतुवाद्याच्या तारा जुळवणं. आजार म्हणजे तारा उतरल्या, आणि उतरलेल्या तारा पुन्हा लावता येतात. आपल्याकडे तंबोरा ‘लावणं’ असताना हे आपल्याला सुचलं नाही, याची जरा असूया वाटते.

जाता जाता आणखी एक. ‘तिला वेडाचा झटका आला’ हे वाक्यही मालिकांचं लाडकं. ‘झटका’ म्हणजे अचानक येऊन ओसरणारं काहीतरी: फिटचा किंवा हृदयविकाराचा. हा आजार बहुधा हळूहळू जडतो आणि वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो. तसंच ‘ती स्किझोफ्रेनिक आहे’ हे इंग्रजी वळण. आपण ‘तिला मधुमेह आहे’, ‘तिला दमा आहे’ म्हणतो, तसंच ‘तिला स्किझोफ्रेनिया आहे’ म्हणावं. प्रश्नातल्या डॉक्टरांचं तेवढं व्याकरण बिनचूक आहे!

पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्या नातेवाइकाला ‘शुभंकर’ म्हणतात. ‘शुभार्थी’ रोजच्या बोलण्यात थोडा अवघडतो, हे खरं. ‘शुभंकर’ मात्र मला आवडतो, कारण एरवी मराठीत या माणसाला रुळलेलं नावच नाही. मालिकेतही तो नसतो. तिथे रुग्णाच्या भोवती असतात ते घाबरलेले सासरचे आणि मालमत्तेवर डोळा ठेवणारे दीर.

त्या डॉक्टरांचा संवाद मी असा लिहीन: ‘तुमच्या सुनेला स्किझोफ्रेनिया आहे. तिला जे आवाज येतात ते तिच्यासाठी खरे आहेत, तेव्हा वाद घालू नका. गोळ्या मनाने बंद करू नका, आणि पुढच्या वेळी तिच्यासोबत कोण येणार ते आत्ताच ठरवा.’