वांगासाठी लेझर करून घ्यावं का?

ताई, बाळंतपणात गालांवर आलेलं वांग दोन वर्षं झाली तरी गेलं नाही, नणंदेचं लग्न तोंडावर आलंय आणि क्लिनिकवाल्यांनी लेझरच्या सहा सीटिंगचं पॅकेज सांगितलंय, तर घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात पैसे भरू नका. मी भरले होते, म्हणून कळकळीने सांगते.

माझं गाव राजापूरजवळ. एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे आमसुलं. कोकमाची सालं रसात बुडवून उन्हात घालायची, वाळली की परत रस, अशी पाच-सात पुटं. अख्खा दिवस अंगणात. मी थंडीत लेझर करून घेतलं, दर आठवड्याला एक सीटिंग. फेब्रुवारीत गाल इतके नितळ झाले की सासूबाईंनीही विचारलं, काय लावतेस गो? मृगाच्या पहिल्या सरी आल्या तोवर वांग परत हजर, आधीपेक्षा गडद. शिवाय उजव्या गालाच्या हाडावर साबुदाण्याएवढे पांढुरके ठिपके. ते अजून आहेत.

पुढे रत्नागिरीला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी नीट समजावलं. लेझर कातडीत साठलेला रंग फोडतो. वांगात मात्र रंग तयार करणाऱ्या पेशीच चाळवलेल्या असतात, त्या नवा रंग करतच राहतात. लेझरच्या उष्णतेने कधी कधी आणखी चाळवतात, आणि आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीला तो धोका जास्त. फार वेळा, फार लागोपाठ मारलं की माझ्यासारखे पांढरे ठिपके. म्हणून वांगाला लेझर हा पहिला उपाय नाही. औषधांनी गुण आला नाही तरच, तेही बेताच्या शक्तीने.

लेझर वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या भाचीच्या डोळ्याभोवती लहानपणापासून निळसर-करडा डाग होता, त्याला ओटाचा नेव्हस म्हणतात. तो क्यू-स्विच्ड, म्हणजे अगदी क्षणभराचे झोत मारणाऱ्या लेझरनेच गेला, दोन-तीन महिन्यांच्या अंतराने सीटिंग घेऊन. तेव्हा आधी डाग कसला आहे ते तज्ज्ञाकडून तपासून घ्या.

मला खरा फरक पडला तो सनस्क्रीनने. साधं नाही, रंगीत. त्यात लोहाचे ऑक्साइड असतात, ते डोळ्यांना दिसणारा उजेडही अडवतात. वांग त्या उजेडानेही वाढतं. दोन बोटांवर लांब रेघ येईल एवढं घ्यायचं. आमच्या दमट हवेत घामाने ते तासा-दोन तासांत उतरतं, परत लावायचं. आमसुलांची ताटं आता मी उन्हं चढायच्या आत मांडते, दुपारी रुंद टोपी घालूनच उलटते, आणि चुलीपुढे बसणंही कमी केलंय.

मलमाबद्दल एकच. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असं तिन्हींचं एकत्र मलम मिळतं. त्याने गुण येतो, पण ते डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपुरतंच. आमच्या शेजारची मुलगी दुकानातून आणून वर्षभर लावत राहिली. कातडी पातळ, लाल झाली आणि उन्हात गेली की आग व्हायची. बाळ अजून अंगावर पीत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडच्या गोळ्या (मुळात रक्तस्राव थांबवायचं औषध, वांगालाही देतात) दिल्या, तर घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का तेही सांगा.

आणि पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असाल तर त्यासुद्धा सांगा, त्यांनीही वांग वाढतं. मी तेव्हा घेत होते. पॅकेज देणाऱ्यांनी मला ते विचारलंच नव्हतं.