फीचं विचारलंत, पण विमा कोणाचा उतरवलाय?

सांगोल्याजवळच्या एका गावातून आलेलं पत्र. लिहिणाऱ्यांचं वय ४४, पतसंस्थेत नोकरी, हातात ३८ हजार पगार आणि दोन एकर डाळिंब. मुलीला उद्यानविद्येची पदवी घ्यायची आहे. कृषी विद्यापीठाच्या शासकीय महाविद्यालयात तिला कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून जागा मिळते आहे. दुसरीकडे एक खासगी संस्था तिला व्यवस्थापन कोट्यातून घ्यायला तयार आहे. फी वर्षाला १ लाख ४० हजार, हॉस्टेल-मेस ९० हजार. संस्थेचा माणूस म्हणतो, दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी सहा महिने नर्सरीत काम, महिना ८ हजार पगार, म्हणजे फी मुलगीच फेडेल. प्रश्न असा, की तिथे प्रवेश घ्यावा का, आणि पैशासाठी मुलीच्या ‘शिक्षण पॉलिसी’वर कर्ज काढावं का?

कॉलेजचं उत्तर सोपं आहे. शासकीय जागा घ्या, आजच घ्या.

खासगीचा खर्च वर्षाला २ लाख ३० हजार, म्हणजे चार वर्षांचे ९ लाख २० हजार. पगाराचं आश्वासन शंभर टक्के पाळलं गेलं तरी ४८ हजार गुणिले तीन, दीड लाखाच्या आत. उरलेले पावणेआठ लाख तुमचेच. ‘फी मुलगीच फेडेल’ हे वाक्य कागदावर एक मिनिटही टिकत नाही. ते आठ हजार कोण देणार, हे तुमच्याकडच्या माहितीपत्रकात कुठेच लिहिलेलं नाही.

शासकीय जागेचा हिशेब बघा. तुमच्याकडे ओबीसी दाखला आहे आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, कृषी अभ्यासक्रमही त्यात येतात. पण प्रवेश कॅपमधूनच हवा, व्यवस्थापन कोट्यातल्या मुलीला हे मिळत नाही. नॉन-क्रिमिलेयर दाखला काढा आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज वेळेत करा. मग उरतो राहण्या-जेवणाचा खर्च, वर्षाला ८० हजार धरू. चार वर्षांचे सव्वातीन लाख.

आणि ज्या ‘कामाच्या अनुभवा’साठी तुम्ही जादा पैसे मोजायला निघालात, तो अभ्यासक्रमातच आहे. शेवटच्या वर्षात ग्रामीण उद्यानविद्या कार्यानुभव असतो. मुली उद्यानकन्या म्हणून गावात जातात, यजमान शेतकऱ्याच्या बागेत छाटणी, कलम, फवारणी करतात, रोजची डायरी लिहितात, आणि कार्यक्रम अधिकारी व विषयतज्ज्ञ येऊन ती तपासतात, गुण देतात. अनुभवाधारित शिक्षणात रोपवाटिका किंवा प्रक्रियेचं युनिट विद्यार्थी स्वतः चालवतात आणि नफ्यात त्यांचाही वाटा असतो. आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) योजनेतला कार्यानुभवाचा भत्ता महिना ३ हजार, जास्तीत जास्त सहा महिने. म्हणजे १८ हजार. तो आला तर मुलीला पुस्तकं-प्रवासाला द्या, घरच्या हिशेबात धरू नका. देखरेखीखालचं काम हे शिक्षण आहे. त्यातून फी निघेल असं सांगणारा तुम्हाला फसवतोय. पदवीनंतर ‘लगेच ५०-६० हजारांची नोकरी’ हाही त्याच माणसाचा आकडा आहे, तो मी गृहीत धरणार नाही. तुमच्या मुलीला घरच्या डाळिंबाचा बहार धरणं, तेल्या रोगाशी झगडणं लहानपणापासून ठाऊक आहे. तिला खरा उपयोग चांगल्या प्राध्यापकांचा आणि विद्यापीठाच्या रोपवाटिकेचा होईल.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत, त्याकडे येतो. मला झोप लागू नये असा मजकूर तुमच्या पत्रात जाताजाता आला आहे.

मुलगी सहा वर्षांची असताना तुम्ही वीस वर्षांची पॉलिसी घेतलीत. हप्ता महिना ६ हजार, बारा वर्षं नेमाने भरलात. ती संपेल तेव्हा मुलगी २६ वर्षांची असेल, पदवी मिळून चार वर्षं झालेली असतील. शिक्षणासाठी म्हणून विकलेली पॉलिसी शिक्षण संपल्यावर पैसे देणार आहे. याहून वाईट गोष्ट तुम्ही पाठवलेल्या पहिल्या पानावर आहे. विमा मुलीच्या जिवाचा उतरवलेला आहे. मिळवते तुम्ही, घरकर्जाचे ९ लाख तुमच्या नावावर, मुलगा अजून आठवीत, आणि तुमच्या जिवाचा एक रुपयाचाही विमा नाही. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर या पॉलिसीतून घरात काहीही येणार नाही. उलट हप्ता माफीचा रायडर (पालक गेल्यास पुढचे हप्ते माफ करणारी जोड) नसल्याने पुढचे हप्ते तुमच्या पत्नीला भरावे लागतील. ज्याने हे विकलं त्याने तुमची मिळकत विचारली, हप्ता ठरवला, आणि घर कोणाच्या कमाईवर चालतं एवढं सोडून सगळं पाहिलं. मला याचा संताप येतो.

मुदत संपल्यावर २८ लाख मिळतील, असं एजंटने सांगितलं होतं. विमा रक्कम १२ लाख. तुमच्या बोनस पत्रकातला दर हजारी ४० रुपये, म्हणजे वर्षाला ४८ हजार, वीस वर्षांत ९ लाख ६० हजार. एकूण साडेएकवीस लाख. त्यासाठी तुम्ही १४ लाख ४० हजार भरणार. परतावा चार टक्क्यांच्याही खाली.

मग मोडायची का? इथे बरेच जण घाईत ‘मोडा’ म्हणतात. आकडे वेगळं सांगतात. आज हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केलीत, तर आठ वर्षांनी साधारण १३ लाख मिळतील. हप्ते चालू ठेवलेत, तर साडेएकवीस. म्हणजे पुढच्या पावणेसहा लाखांवर साडेआठ लाख जास्त. बोनसचा दर असाच राहिला तर या पुढच्या पैशांवर साडेनऊ-दहा टक्क्यांच्या आसपास पडतात. नुकसान मागच्या बारा वर्षांत होऊन गेलं, ते आता मोडून परत येत नाही. सरेंडर केल्यास, म्हणजे मोडल्यास, आज किती मिळतील ते शाखेकडून लेखी घ्या. सात लाखांच्या आसपास आकडा आला, तर पॉलिसी चालूच ठेवा. कर्ज मात्र तिच्यावर काढू नका. व्याज थकलं की ते मुद्दलात मिळत जातं आणि शेवटी हातात येणारी रक्कम खातं.

तुमच्यासाठी ७५ लाखांचा साधा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, वयाच्या ६० पर्यंत. घरकर्ज ९ लाख, दोन्ही मुलांची शिक्षणं, आणि घरखर्च महिना २० हजार धरून वीसेक वर्षं, एवढ्यावरून हा आकडा येतो. हप्ता वर्षाला २० हजारांच्या आसपास बसावा. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. मुदत संपल्यावर पैसे परत देणारा टर्म प्लॅन दाखवतील, तो नको. अर्जात विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घेण्याचा पर्याय असतो, तो निवडा आणि पत्नी-मुलांची नावं घाला. म्हणजे ही रक्कम घरकर्ज किंवा पीककर्जवाल्याच्या हाती जात नाही. तंबाखू खात असाल, साखर असेल, तर अर्जात खरं लिहा. हप्ता वाढेल, पण खोटं लिहिलं म्हणून दावा अडणार नाही.

पैसे कुठून येतील? पगारातून घरखर्च २०, कर्जाचा हप्ता ९, पॉलिसी ६ हजार गेले की महिना ३ हजार उरतात, वर्षाचे ३६. डाळिंबाचे तुम्ही लाख धरलेत, मी ८० हजार धरतो. टर्मचे २० आणि हॉस्टेलचे ८० वजा जाता १६ हजार शिल्लक. तेल्याने बाग बसली, तर त्या वर्षापुरतं शैक्षणिक कर्ज काढा. ४ लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही. खासगी संस्थेला जागा अडवण्यासाठी दिलेल्या २५ हजारांची पावती शोधा आणि प्रवेश रद्द करत असल्याचा अर्ज पोच घेऊन द्या. पण त्याआधी विम्याच्या वैद्यकीय तपासणीची तारीख घ्या.